माघार घेण्याची विद्या

बेळगावहून चोर्ल्याच्या वाटेने गोव्याकडे निघाले म्हणजे पिरनवाडी आणि किणये मागे पडेपर्यंत भाताची खाचरे, माळराने आणि लाल मातीची शेते यांचा मोकळा प्रदेश प्रवाशाची सोबत करतो. परंतु जांबोटी जवळ येऊ लागते तसतशी ही सपाटी आटत जाते, झाडी दाट होते, टेकड्यांमधले अंतर कमी होते, आणि पुढे कणकुंबीला, जेथे मलप्रभा उगम पावते, तेथे तर सह्याद्रीचा माथाच गाठल्याची खूण पटते. खानापूर तालुक्यातील जांबोटीची ओळख एरवी पावसाची, जंगलाची आणि गोव्याकडे जाणाऱ्या रहदारीची; विमानविद्येशी त्याचा संबंध जोडणे वाचकास प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तथापि जांबोटीपासून सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरवर, बेळगावच्या पूर्वेस, सांबऱ्याचा जो विमानतळ आहे, तेथे आज तरुण मुले-मुली विमान चालविण्याचे शिक्षण घेत आहेत. आणि त्या शिक्षणातले जे दोन सर्वांत कठीण धडे, म्हणजे विमानाच्या शक्तीची मर्यादा आधी हिशेबाने ओळखणे आणि ती मर्यादा समोर येताच हट्ट सोडून माघार घेणे, ते सांबऱ्याच्या उंचीवरून आणि जांबोटीच्या रानावरून सामान्य वाचकासही चांगले समजावून देता येतात.

सांबऱ्याचा विमानतळ १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलाने प्रशिक्षणाच्या हेतूने उभारला, आणि शिक्षणाचा तो शिरस्ता स्वातंत्र्यानंतरही मोडला नाही, कारण हवाई दलाचे वायुसैनिक घडविणारी शाळा आजही तेथेच आहे. नागरी वाहतुकीसाठी धावपट्टी वाढवून २,३०० मीटर करण्यात आली आणि २०१७ साली नवी प्रवासी इमारत खुली झाली. पुढे २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या पाच ठिकाणी खासगी उड्डाणशाळांना जागा देण्याचे मुक्रर केले, आणि सांबऱ्याच्या आकाशात लहान विमानांची ये-जा सुरू झाली. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवावयाचा तर विद्यार्थ्याने किमान २०० तास उड्डाण केलेले असावे, त्यांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख या नात्याने केलेले असावेत, आणि हवामानशास्त्र, दिशाज्ञान, विमानाचे तंत्र व हवाई नियम या विषयांच्या लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झालेला असावा, अशी कायद्याची तरतूद आहे. परंतु तासांची नोंदवही भरणे निराळे आणि संकटाची तयारी होणे निराळे. ही तयारी कशाची बनलेली असते, ते पाहण्यासाठी प्रथम हवेकडे वळावे लागते.

विमान पंखांच्या बळावर उडते असे आपण म्हणतो; पण पंखांना बळ देणारी हवा असते, आणि ती सर्वत्र सारख्या घनतेची नसते. समुद्रसपाटीपासून जितके वर जावे तितकी ती विरळ होते, आणि उन्हाने तापली म्हणजे आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, पुढच्या पंख्याच्या पात्यांची ओढ कमी पडते, आणि इंजिनात इंधन जाळावयास लागणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. म्हणजे एकाच कारणाने तीन ठिकाणी तूट येते. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,४८७ फूट उंचीवर आहे. विमानविद्येने हिशेबाच्या सोयीसाठी जे प्रमाण वातावरण मानले आहे, त्यानुसार या उंचीवर उष्णतामान दहा अंश सेल्सिअसच्या आसपास असावयास हवे. आता एप्रिलातल्या एखाद्या दुपारी तेथे पारा अडतीस अंशांवर गेला, तर प्रमाणापेक्षा ही वाढ अठ्ठावीस अंशांची झाली. आणि दर अंशामागे सुमारे १२० फूट या ढोबळ नियमाने बेरीज केली, तर धावपट्टीवर उभे असलेले विमान, जागचे तसूभरही न हलता, ५,८०० फूट उंचीच्या हवेत असल्यासारखे वागू लागते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, त्याची उंची सुमारे ५,४०० फूट; म्हणजे बेळगावच्या त्या दुपारी नवशिक्या वैमानिकाला कळसूबाईच्याही वरच्या हवेतून विमान उचलावयाचे असते. वैमानिकांच्या बोलण्यात या हिशेबी उंचीला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात, आणि उड्डाणापूर्वी ती कागदावर मांडण्याचा पाठ अगदी आरंभीच घालून दिला जातो.

या तुटीची किंमत किती, हे ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाने लहान विमानांच्या वैमानिकांसाठी काढलेल्या पत्रिकेतील आकड्यांवरून चांगले उमगते. दर हजार फूट उंचीमागे उड्डाणास लागणारे अंतर दहा टक्क्यांनी वाढते, उष्णता दहा अंशांनी वाढली की आणखी दहा टक्के, विमानाचे वजन दहा टक्क्यांनी अधिक झाले की वीस टक्के, आणि जमीन सोडण्याच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याइतका वारा पाठीमागून येत असला की पुन्हा वीस टक्के. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या वाढींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो; सावकाराच्या चक्रवाढ व्याजाप्रमाणे प्रत्येक नवी वाढ आधीच्या फुगलेल्या रकमेवर बसते. समुद्रकिनारी, थंड हवेत, ज्या विमानाला ३०० मीटर पुरतात, त्याला आपल्या उदाहरणातल्या उंचीमुळे आणि उष्णतेमुळे ५०० लागतात. त्यात जादा वजन पडले की ६००. आणि पाठीमागच्या वाऱ्याकडे कानाडोळा झाला की ७०० मीटरही अपुरे. यांतले एकही कारण एकट्याने पाहिले तर भीतीदायक नसते, आणि म्हणूनच ती चारही एकत्र आल्याचे ध्यानात येण्यास उशीर होतो.

येथे कोणी म्हणेल की, सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटरांची असताना सातशे मीटरांची चिंता कशाला? आक्षेप बरोबर आहे, आणि धोकाही त्याच्याच पोटात आहे. मोठ्या धावपट्टीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब चुकला तरी विमान उडतेच, आणि चूक पदरी न पडल्यामुळे ती चूक होती हेच त्याला कळत नाही; पुढे कधी तो आखूड धावपट्टीवर गेला, किंवा शंभरांवर प्रवासी घेऊन जाणाऱ्या जड विमानात बसला, म्हणजे जुनी सवय त्याच्याबरोबर तेथे जाते. शिवाय जमीन सुटल्याने प्रश्न संपत नाही. विरळ हवेत विमान चढतेही मंदगतीने, आणि धावपट्टीच्या पलीकडे टेकडी, झाडे किंवा विजेच्या तारा असतील तर त्यांच्यावरून जाण्याइतकी उंची वेळेवर मिळेल की नाही, हा खरा प्रश्न असतो. म्हणून चांगला शिक्षक धावपट्टी लांब असली तरी विद्यार्थ्याकडून पूर्ण तपशील मांडून घेतो, आणि अमुक खुणेपर्यंत अमुक वेग आला नाही तर इंजिन मंद करून थांबावयाचे, असा करार विमान हलण्यापूर्वीच त्याच्याशी करतो.

मोठ्या विमानांच्या बाबतीत हा करार नियमाने बांधलेला आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी त्या दिवसाचे वजन, वारा, उष्णता आणि धावपट्टी यांवरून एक वेग ठरवितात, ज्याला व्ही-वन म्हणतात; तो येईपर्यंत इंजिनात बिघाड झाला तर विमान थांबवावयाचे, आणि तो ओलांडल्यावर झाला तर थांबण्याचा विचारही मनात न आणता उड्डाण पुरे करावयाचे. हा वेग पुकारला जाताच कप्तान शक्तीच्या दांड्यांवरचा हात काढून घेतो, तो याचसाठी की, घाबरलेल्या क्षणी त्या हाताने नकळत विमान थांबविण्याचा प्रयत्न करू नये. त्यानंतर दुसरा वेग येतो, ज्यावर विमानाचे नाक उचलावयाचे. विमान ताशी अडीचशे किलोमीटरने धावत असेल तर एका सेकंदात सुमारे सत्तर मीटर धावपट्टी मागे पडते. दोन-तीन सेकंदांची दिरंगाई म्हणजे दीडशे-दोनशे मीटरांचा खर्च.

असा खर्च कोठवर नेतो, त्याचा दाखला मराठवाड्याने पाहिला आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी, दुपारी एकच्या सुमारास, इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, मुंबईस निघाले. विमानात ११८ माणसे होती. जड विमान धावपट्टीच्या अगदी शेवटाला कसेबसे उचलले गेले, आणि टोकाच्या पलीकडून जाणाऱ्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक त्याच वेळी नेमका समोर आला. विमानाचे डावे चाक व इंजिन त्या ट्रकवर आदळले, पुढे काही अंतरावर विजेच्या उच्च दाबाच्या तारांशी गाठ पडली, आणि विमान कोसळून ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत कारण नमूद झाले ते दुहेरी: वैमानिकांनी नाक उचलण्यास केलेला उशीर व त्यातली चुकीची पद्धत, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची रहदारी रोखण्यात विमानतळ प्राधिकरणाकडून झालेली कसूर. या निष्कर्षातून प्रशिक्षणाला जो धडा मिळतो तो असा की, कागदावरचा हिशेब हातांच्या अचूक हालचालीवर अवलंबून असतो, आणि वैमानिकाच्या हातातली शिल्लक एकदा संपली म्हणजे त्याचे प्राण ट्रकचालकाच्या वेळापत्रकासारख्या परक्या गोष्टीच्या हवाली होतात.

उड्डाणात माघार म्हणजे थांबणे. उतरताना माघार म्हणजे पुन्हा वर जाणे, ज्याला विमानविश्वात गो-अराउंड म्हणतात. जमिनीपासून ठराविक उंचीवर, बहुधा ढगाळ हवेत हजार फुटांवर आणि स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर, विमानाचा वेग, उतरण्याची गती, दिशा व चाकांची स्थिती ही सर्व नेमून दिलेल्या मर्यादेत असावीत, आणि त्यांतली एखादी जरी बाहेर असेल तरी उतरण्याचा बेत तहकूब करावा, असा नियम आहे. नियम सोपा, अंमल अवघड. कारण समोर दिवे दिसत असतात, घर जवळ आलेले असते, आणि आणखी थोडे सावरले की जमेल असे मन सांगत राहते.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान याच मोहात दरीत गेले. डोंगर कापून केलेली ती २,४५० मीटरांची धावपट्टी, तिच्या टोकापलीकडे खोल उतार. विमान फार उंचावरून आणि अधिक वेगाने आले, आणि त्याची चाके धावपट्टीच्या आरंभापासून सुमारे ५,२०० फुटांवर टेकली. १६६ जणांपैकी आठ वाचले. या अपघाताच्या चौकशी न्यायालयाचे प्रमुख हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले होते. त्यांच्या अहवालात स्पष्ट नोंद झाली की, प्रवासात दीर्घ काळ झोपलेल्या कप्तानाने चुकलेला मार्ग सोडून दिला नाही, आणि सहवैमानिकाने तीन वेळा वर जाण्याविषयी सांगितले असतानाही उतरणे चालूच ठेवले. झोपेतून उठलेल्या माणसाची बुद्धी काही काळ मंद राहते, हे शास्त्र त्या अहवालामुळे आपल्याकडे वैमानिकांच्या विश्रांतीच्या चर्चेत ठळकपणे आले.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोडच्या पठारी धावपट्टीवर जे घडले, त्याने महाराष्ट्राला अधिकच चटका लावला, कारण त्या विमानाचे कप्तान दीपक साठे हे नागपूरच्या घराण्यातले, हवाई दलाचे निवृत्त विंग कमांडर, आणि तेथील प्रशिक्षणात मानाची तलवार मिळविलेले अधिकारी होते. मुसळधार पाऊस, समोरची काच पुसणारा वायपर नीट चालेना, पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्या दिशेने दुसरा प्रयत्न, आणि पाठीमागून सुमारे चौदा नॉटचा वारा. अशा स्थितीत विमान ८,८५८ फुटांच्या ओल्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांपाशी टेकले, आणि टोक ओलांडून खाली कोसळले. दोघे वैमानिक धरून २१ जण गेले. सहवैमानिकाने येथेही वर जाण्याचा इशारा दिला होता, असे २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. हा उल्लेख मृताच्या स्मृतीस उणेपणा आणण्यासाठी करावयाचा नाही; उलट त्यातील गंभीर अर्थ असा की, ज्याच्या कर्तबगारीविषयी शंका घेण्यास जागा नाही अशा माणसालाही मोहाचा तो क्षण चुकत नाही, आणि म्हणून सुरक्षिततेचा भार एकट्याच्या गुणवत्तेवर कधीही टाकू नये.

मंगळूर व कोळिकोड या दोन्ही ठिकाणी दुसऱ्या आसनावरच्या माणसाला खरे दिसले होते, आणि तरीही ते निर्णायक ठरू शकले नाही. वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, गुरूची चूक चारचौघांत दाखवू नये, हा संस्कार आपल्या घरांत लहानपणापासून रुजविला जातो. तो इतरत्र शोभून दिसला तरी विमानाच्या पुढच्या दालनात प्राणघातक ठरतो. आणि हा दोष केवळ आपलाच आहे असेही नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली, तेव्हा परवानगीवाचून उड्डाण सुरू करणारा कप्तान हा त्याच्या कंपनीतला वैमानिकांचा प्रमुख शिक्षक होता, आणि समोरची धावपट्टी मोकळी आहे ना, ही त्याच्या फ्लाइट इंजिनिअरची शंका त्याच्या अधिकारापुढे विरून गेली. त्यानंतर १९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने या प्रश्नावर परिषद भरविली, १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने सहकार्याचे रीतसर शिक्षण सुरू केले, आणि आज ते जगभर सक्तीचे आहे. त्यात कनिष्ठाला आदर न सोडता स्पष्ट बोलण्याची सवय लावली जाते: “सर, वेग जास्त आहे” येथून आरंभ, मग “सर, गो-अराउंड”, आणि पुकारलेल्या सूचनेला दुसऱ्यांदाही प्रतिसाद आला नाही तर विमानाचा ताबा आपल्या हाती घेणे. हे शेवटचे पाऊल उचलण्याचा सराव वारंवार करून घ्यावा लागतो, कारण पुस्तकात वाचून ते जमत नाही.

आता एका इंजिनाच्या लहान विमानाकडे परत येऊ, जेथे दुसरा वैमानिक नसतो आणि दुसरे इंजिनही नसते. आकाशात इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे पडते, ही सर्वसामान्य समजूत निराधार आहे. शिक्षणासाठी सर्रास वापरले जाणारे सेस्ना १७२ हे विमान इंजिनाविना, योग्य वेग राखल्यास, दर हजार फूट उंचीमागे सुमारे पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते; जमिनीपासून तीन हजार फुटांवर असेल तर वैमानिकाला सुमारे आठ किलोमीटरचा टापू आणि चारएक मिनिटांचा अवधी मिळतो. सांबऱ्याच्या आसपास, सुगी आटोपलेल्या मोकळ्या रानावर, एवढ्या टापूत उतरण्याजोगे शेत मिळण्याची आशा असते. परंतु तेच विमान जांबोटीच्या डोंगरावर असेल, तर आठ किलोमीटरच्या त्या वर्तुळात प्रामुख्याने झाडांचे शेंडे आणि दऱ्याच येतात, आणि सांबऱ्यापर्यंत तरंगत यावयाचे तर अकरा-बारा हजार फुटांची उंची गाठीशी हवी. म्हणून चांगला विद्यार्थी मार्ग आखतानाच पुढच्या दर काही मिनिटांसाठी एकेक शेत मनात ठेवून चालतो. बिघाड झाल्यावर करावयाची कामे क्रमाने ठरलेली असतात: प्रथम नाक खाली करून वेग राखणे, मग वाऱ्याची दिशा पाहून जागा निवडणे, मग इंधनाचा नळ व प्रज्वलनाची कळ तपासून इंजिन पुन्हा सुरू होते का पाहणे, मग रेडिओवर मदतीची हाक, आणि शेवटी इंधन व वीज तोडून उतरणे. रेडिओचा क्रम चौथा आहे, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. खालचा अधिकारी कितीही कनवाळू असला तरी विमानाला वेग देऊ शकत नाही.

३० मे २०२३ रोजी सांबऱ्याहून उडालेल्या एका प्रशिक्षण विमानात तांत्रिक बिघाड झाला, आणि ते विमानतळाच्या परिसरातल्या शेतात उतरविण्यात आले. आतील दोघेही सुखरूप राहिले. वृत्तपत्रांनी या घटनेला साहजिकच अपघाताच्या सदरात जागा दिली, परंतु माणसे वाचली या एकाच कसोटीने पाहिले तर ती प्रशिक्षणाच्या जमेची बाजू आहे. अशा वेळी खरा शत्रू असतो तो मागे राहिलेल्या धावपट्टीचा मोह. जमीन सोडून जेमतेम तीन-चारशे फूट चढल्यावर इंजिन थांबले, तर वैमानिकाचे मन परत वळण्यास धाव घेते. पण तीव्र वळणात विमानाला तोलून धरावयास अधिक वेग लागतो, साठ अंशांनी कललेल्या विमानाला तर सरळ उडणाऱ्याच्या जवळजवळ दीडपट, आणि तो वेग नसल्यामुळे पंखांवरचा आधार सुटून विमान कोसळते. म्हणून शिकविले जाते की, एवढ्या कमी उंचीवर समोर जे असेल तेथेच, थोडेफार डावे-उजवे करून, उतरावे. विमान मोडले तरी चालेल, माणूस वाचला पाहिजे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर पक्ष्यांच्या थव्याने दोन्ही इंजिने निकामी झालेल्या एअरबसच्या कप्तान सलेनबर्गर यांनी परत वळण्याचा विचार करून सोडला आणि विमान हडसन नदीत उतरविले, तेव्हा १५५ जण वाचले ते याच विवेकामुळे. नंतर सिम्युलेटरवर केलेल्या प्रयोगांत तत्क्षणी वळलेले काही वैमानिक विमानतळावर पोहोचले, परंतु परिस्थिती समजून घेण्यासाठी माणसाला लागणारा वेळ म्हणून पस्तीस सेकंद धरताच तो प्रयत्न फसला.

हे पस्तीस सेकंद म्हणजे मनुष्यस्वभावाचा भाग आहे, आणि आणीबाणीच्या शिक्षणाची सगळी रचना त्यांच्या भोवती उभी आहे. अचानक धक्का बसला म्हणजे बुद्धी क्षणभर गोठते; त्या काळात मनुष्य नवा विचार करू शकत नाही, पूर्वी केलेलाच करतो. १९३५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील राइट फील्डवर बोइंगचे एक नवे बॉम्बफेकी विमान, शेपटीकडच्या पृष्ठांचे कुलूप काढावयाचे राहून गेल्यामुळे, निष्णात वैमानिकांच्या हातून पडले, आणि स्मरणशक्तीवर विसंबू नये या जाणिवेतून चेकलिस्ट जन्मास आली. आज विमान कंपन्यांच्या वैमानिकांना दर सहा महिन्यांनी तपासणी द्यावी लागते, आणि सिम्युलेटरवर इंजिनाची आग, धूर, दाब कमी होणे, व्ही-वनवरचा बिघाड असे प्रसंग पुन्हा पुन्हा भोगावे लागतात. तरीही तयारीत फटी राहतात. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात पडून २२८ माणसे गेली, तेव्हा वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने काही काळ बुजल्या, स्वयंचलित चालक सुटला, आणि गोंधळलेल्या हातांनी नाक वर ओढून धरल्यामुळे विमानाखालची हवा निसटली ती शेवटपर्यंत परत मिळाली नाही. नवशिक्याला आरंभीच शिकविलेली गोष्ट, नाक खाली कर आणि वेग मिळव, हीच तेथे हवी होती; म्हणून त्यानंतर तोल गेलेल्या विमानाला सावरण्याचे स्वतंत्र शिक्षण आंतरराष्ट्रीय नियमांत आले.

जांबोटीच्या दिशेने आणखी एक धडा आहे, तो पावसाचा. जून लागला की पश्चिमेकडून येणारे ढग या डोंगरांवर अडतात, तासा-दोन तासांत माथे झाकले जातात, आणि डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या वैमानिकाला समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही उरत नाही. ढगात शिरलेल्या अननुभवी माणसाचे कान त्याला फसवितात. विमान वळत असताना ते सरळ आहे असे वाटते, आणि तो डोंगराच्या किंवा जमिनीच्या दिशेने निःशंकपणे जातो. अनुभवी माणसांनाही सह्याद्रीने क्षमा केलेली नाही. ७ जुलै १९६२ रोजी मुंबईकडे उतरत येणारे अलितालिया कंपनीचे जेट विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ जण मेले. आपण कोठे आहो याचा अंदाज चुकला, आणि त्या टापूतील सुरक्षित उंचीच्या खाली विमान वेळेपूर्वी आले. म्हणून ढगाचा तळ आणि डोंगराचा माथा यांमधले अंतर अमुक राहिले नाही तर मागे वळावयाचे, हा आकडाही निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावा लागतो, कारण ढगाच्या तोंडाशी गेल्यावर आणखी थोडे पुढे पाहू असेच मन म्हणते.

या सर्व उदाहरणांतून एकच सूत्र निघते. वैमानिकाचे शौर्य म्हणून लोक ज्याची कल्पना करतात, ते बहुतेक वेळा आदल्या दिवशी केलेला हिशेब आणि त्या हिशेबाची मर्यादा येताच केलेली माघार यांपलीकडे काही नसते. परंतु माघारीला किंमत पडते, आणि ती किंमत कोण सोसणार याचा निकाल लागला नाही तर सगळे शिक्षण कागदावर राहते. पुन्हा वर गेलेले विमान अधिक इंधन जाळते, दुसऱ्या शहरी वळविलेले विमान प्रवाशांचा रोष ओढवते. म्हणून उतरणे सोडून वर गेल्याबद्दल वैमानिकाकडून कैफियत मागू नये, हे धोरण विमान कंपन्यांनी हळूहळू स्वीकारले, आणि ते शहाणपणाचे आहे. उड्डाणशाळेतल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र हा दबाव निराळ्या वाटेने येतो. या शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. सीमाभागातल्या एखाद्या कुटुंबाने जमीन गहाण टाकून किंवा बँकेचे कर्ज काढून मुलाला पाठविलेले असते, आणि हवा बिघडली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतलेल्या विद्यार्थ्याला फुकट गेलेल्या प्रत्येक तासाबरोबर बापाचे कर्ज आठवते. हे ओझे विमानाच्या वजनात धरले जात नाही, तरी उड्डाणावर त्याचा परिणाम होतो. तेव्हा ज्या घरांतली मुले आज सांबऱ्याला किंवा जळगावला शिकत आहेत, त्या घरांनी सुटीवर आलेल्या मुलाला किती तास झाले एवढेच विचारून थांबू नये. कितीदा परत फिरलास, हेही विचारावे, आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून नाराज होऊ नये, कारण शिक्षकांनी दिलेला हिशेब त्याच्या अंगी उतरला की नाही याची त्याहून चांगली परीक्षा परवाना देणाऱ्या खात्याकडेही नाही.